क्वार्टरबॅकचे मोल आकड्यांत कसे ठरते?

अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, सामना संपल्यावर क्वार्टरबॅकच्या नावापुढे जो आकडा छापला जातो, त्याला पासर रेटिंग म्हणतात. हा आकडा शून्याच्या खाली जात नाही आणि १५८.३ च्या वर चढत नाही. कमाल मर्यादा शंभर नाही, दोनशेही नाही, मग ही आडनिडी संख्या आली कुठून, असा प्रश्न खेळ नव्याने पाहू लागलेल्या माणसाला हमखास पडतो. बहुतेक जण त्या प्रश्नाचा नाद सोडतात आणि मोठा आकडा चांगला, लहान आकडा वाईट, एवढ्यावर समाधान मानतात. वास्तविक या सूत्रात गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित नाही. त्यातली खरी गुंतागुंत वेगळीच आहे. मैदानावर घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची किंमत सूत्राने आधीच ठरवून टाकलेली आहे, पण ती कुठेही उघड लिहिलेली नाही. ती किंमत एकदा दिसली की या रेटिंगवरून पन्नास वर्षे चाललेले वाद नेमके कशाबद्दल आहेत, हे समजू लागते.

आधी खेळाबद्दल अगदी थोडे. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार संधी मिळतात. प्रत्येक संधीला डाऊन म्हणतात. चार डाऊनमध्ये दहा यार्ड गाठले की पुन्हा चार नव्या संधी, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. त्यामुळे चौथ्या डाऊनवर संघ बहुधा चेंडू लांब लाथाडून देतो, त्याला पंट म्हणतात. मैदानाच्या टोकाजवळच्या गोलरेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाऊन होतो आणि सहा गुण मिळतात. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार असतो. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो, मग तो धावणाऱ्या खेळाडूकडे द्यायचा, स्वतः पळायचे की पुढे फेकायचा, हे दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. फेकलेला चेंडू सहकाऱ्याने झेलला तर पास पूर्ण होतो, जमिनीवर पडला तर अपूर्ण राहतो, आणि प्रतिस्पर्ध्याने झेलला तर ते इंटरसेप्शन, म्हणजे चेंडूचा ताबाच गेला. फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला मागच्या मागे पाडले तर त्याला सॅक म्हणतात.

चेंडू फेकणाऱ्यांची क्रमवारी लावण्याचा प्रयत्न लीगने १९३२ पासून केला आहे. सुरुवातीला फक्त एकूण यार्ड मोजले जात, १९३८ ते १९४० या काळात पूर्ण पासांची टक्केवारी मोजली गेली, आणि पुढे निरनिराळ्या बाबींतले क्रमांक एकत्र करण्याच्या पद्धतीही आल्या. या क्रमांकांच्या पद्धतीत एक मोठी खोट होती. एका खेळाडूचे स्थान इतरांच्या कामगिरीवर अवलंबून राहत असे, त्यामुळे हंगामाच्या मध्यावर तो नेमका किती चांगला खेळतो आहे हे सांगता येत नसे आणि एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करायची सोयच नव्हती. म्हणून १९७१ मध्ये लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी नवी पद्धत शोधायला सांगितले. ओहायो राज्यातील कॅन्टन येथील प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये काम करणारे डॉन स्मिथ, आकडेवारीच्या क्षेत्रातील जुन्या एलियास संस्थेचे सीमोर सिवॉफ आणि लीगचे अधिकारी डॉन वाइस यांच्या कामातून ती पद्धत तयार झाली आणि १९७३ पासून लागू झाली. आजही तीच वापरात आहे.

या पद्धतीत चार गोष्टी मोजल्या जातात आणि चारही गोष्टी प्रत्येक फेकीमागे मोजल्या जातात. किती टक्के पास पूर्ण झाले, एका फेकीमागे किती यार्ड मिळाले, किती टक्के फेकींवर टचडाऊन झाला आणि किती टक्के फेकी प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेल्या. १९६० च्या दशकातील आकडेवारी समोर ठेवून स्मिथ यांनी प्रत्येक बाबीत साधारण कामगिरीला १ गुण दिला. निम्मे पास पूर्ण होणे, फेकीमागे ७ यार्ड मिळणे, ५ टक्के टचडाऊन आणि ५.५ टक्के इंटरसेप्शन ही त्या काळची साधारण कामगिरी होती. इंटरसेप्शन शून्याहून कमी होऊच शकत नाहीत आणि शून्य इंटरसेप्शनला सूत्रानुसार २.३७५ गुण पडतात, म्हणून बाकीच्या तिघांनाही तीच कमाल मर्यादा लागू झाली. चारही गुणांची बेरीज करायची, तिला सहाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. चारही ठिकाणी २.३७५ मिळाले तर बेरीज ९.५ होते, आणि तिला सहाने भागून शंभराने गुणल्यावर १५८.३ येतात. चारही ठिकाणी १ मिळाला तर ६६.७ येतात. म्हणजे सूत्र तयार झाले तेव्हा मध्यम दर्जाच्या क्वार्टरबॅकचे रेटिंग सदुसष्टच्या आसपास असावे, अशी त्याची रचना होती.

एक हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. समजा एखाद्याने सामन्यात ४० वेळा चेंडू फेकला, त्यापैकी २६ पास पूर्ण झाले, ३०० यार्ड मिळाले, २ टचडाऊन झाले आणि १ इंटरसेप्शन झाले. पूर्ण पासांचे प्रमाण ०.६५ आहे. त्यातून ०.३ वजा करून ५ ने गुणले की १.७५ मिळतात. फेकीमागे ७.५ यार्ड आहेत. त्यातून ३ वजा करून ०.२५ ने गुणले की १.१२५ येतात. टचडाऊनचे प्रमाण ०.०५ आहे. त्याला २० ने गुणले की १. इंटरसेप्शनचे प्रमाण ०.०२५ आहे. त्याला २५ ने गुणून आलेले ०.६२५ हे २.३७५ मधून वजा केले की १.७५ उरतात. एकूण बेरीज ५.६२५ आणि रेटिंग ९३.८. बस्स, एवढेच गणित.

आता त्या दडलेल्या किमतींकडे वळतो, कारण माझ्या मते या विषयाचा गाभा तिथेच आहे. सूत्रात पूर्ण पासला ५ ने गुणले आहे आणि यार्डाला ०.२५ ने. म्हणजे केवळ पास पूर्ण होण्याची किंमत २० यार्डांइतकी धरली आहे, आणि त्या पासातून मिळालेले यार्ड त्याशिवाय मोजले जातात. त्याच न्यायाने टचडाऊनची किंमत ८० यार्ड होते आणि इंटरसेप्शनचा दंड १०० यार्ड. ही मंडळी टेबलाशी बसून ‘एका झेलाचे वीस यार्ड’ असे ठरवत नव्हती. चार वेगवेगळ्या बाबींना समान वजन द्यावे, एवढाच त्यांचा हेतू होता, आणि त्या समान वजनातून या किमती आपोआप निघाल्या. पण हेतू काहीही असला तरी किंमत किंमतच असते, आणि खेळाडूचा हिशेब तिच्यानुसारच होतो.

वरच्या उदाहरणातील क्वार्टरबॅकने आणखी एक चेंडू फेकला असे समजा. तिसरा डाऊन आहे आणि अजून १२ यार्ड हवे आहेत. त्याने शेजारीच उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे सोपा पास दिला, चार यार्ड मिळाले आणि खेळी संपली. संघाला आठ यार्ड कमी पडले, चौथ्या डाऊनवर पंट करावा लागला, चेंडू गेला. तरी रेटिंग ९३.८ वरून ९४.० झाले. याउलट त्याने धाडसाने वीस यार्डांवरच्या रिसीव्हरकडे, म्हणजे पास झेलणाऱ्या सहकाऱ्याकडे, अवघड चेंडू फेकला आणि तो जमिनीवर पडला, तर संघाची स्थिती जवळपास तीच, पुन्हा पंटच, पण रेटिंग ९१.५ पर्यंत घसरते. संघाच्या दृष्टीने फरक चार यार्डांचा आहे, तर सूत्राच्या दृष्टीने एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला शिक्षा. डाऊन कितवा होता, किती यार्ड हवे होते, किती वेळ उरला होता, यांपैकी काहीही या सूत्राला ठाऊक नसते.

कडेच्या आकड्यांवर तर आणखी विचित्र गोष्टी दिसतात. एखाद्या क्वार्टरबॅकने सामनाभर प्रत्येक चेंडू जाणूनबुजून जमिनीवर आपटला, तर पूर्ण पास, यार्ड आणि टचडाऊन या तिन्हींत त्याला शून्य मिळते, पण इंटरसेप्शन एकही नसल्यामुळे तिथले पूर्ण २.३७५ मिळतात आणि रेटिंग ३९.६ येते. प्रामाणिकपणे खेळून वाईट दिवस गाठलेले कितीतरी खेळाडू याच्या खाली गेलेले आहेत. दुसऱ्या टोकाला कमाल मर्यादेची अडचण आहे. ३ नोव्हेंबर २०१३ रोजी फिलाडेल्फिया ईगल्सच्या निक फोल्सने ऑकलंडविरुद्ध २८ पैकी २२ पास पूर्ण केले, ४०६ यार्ड मिळवले आणि सात टचडाऊन केले. एका सामन्यातील टचडाऊन पासांच्या विक्रमाशी ही बरोबरी होती. रेटिंग अर्थातच १५८.३. पण २८ फेकींमध्ये टचडाऊनचे पूर्ण गुण मिळायला चारच टचडाऊन पुरतात, पुढच्या तिघांची दखल सूत्राने घेतलीच नाही.

त्याच हंगामात फोल्सचे रेटिंग ११९.२ होते आणि डेन्व्हरच्या पेटन मॅनिंगचे ११५.१. मॅनिंगने त्या वर्षी ५५ टचडाऊन पास आणि ५४७७ यार्ड असे दोन विक्रम केले होते आणि तब्बल ६५९ वेळा चेंडू फेकला होता. फोल्सच्या फेकी होत्या ३१७. दर फेकीमागची कार्यक्षमता मोजणारे माप किती भार उचलला हे सांगत नाही. त्याची तशी अपेक्षाही नव्हती. हंगामाचा विक्रम मात्र ज्याच्या नावावर आहे त्याने कार्यक्षमता आणि भार दोन्ही सांभाळले होते. ग्रीन बे पॅकर्सच्या ॲरन रॉजर्सने २०११ मध्ये ५०२ पैकी ३४३ पास पूर्ण केले, ४६४३ यार्ड, ४५ टचडाऊन आणि अवघे ६ इंटरसेप्शन, रेटिंग १२२.५.

वेगवेगळ्या काळांतील खेळाडूंची तुलना करताना तर हे माप हमखास फसवते. जॉनी युनायटस हा आपल्या पिढीतील सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक मानला जातो, त्याच्या कारकिर्दीचे रेटिंग ७८.२ आहे. न्यूयॉर्क जेट्सला १९६९ च्या जानेवारीत सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, जिंकून देणारा जो नेमथ ६५.५ वर आहे. आज या आकड्यांवर कुणाला संघात जागा टिकवता येणार नाही. स्मिथ यांचे सूत्र लागू झाले त्या १९७३ च्या हंगामात डॅलसच्या रॉजर स्टॉबॅकचे ९४.६ हे सर्वोच्च रेटिंग होते. आज लीगची सरासरीच नव्वदच्या आसपास असते. याचे एक कारण नियमांत आहे. १९७८ मध्ये बचावपटूंना पहिल्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्काबुक्की करायला मनाई झाली आणि क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्यांना हात पसरून, उघड्या तळव्यांनी अडवण्याची मुभा मिळाली. त्यानंतरही नियम पासिंगच्या बाजूनेच झुकत गेले.

दुसरे कारण डावपेचांचे आहे, आणि त्यात एक विलक्षण माणूस येतो. १९७० मध्ये सिनसिनाटी बेंगॉल्सकडे व्हर्जिल कार्टर नावाचा क्वार्टरबॅक होता. त्याचा हात फार लांब फेकणारा नव्हता, पण नेम अचूक होता आणि बुद्धी तल्लख. तेव्हा तिथे साहाय्यक प्रशिक्षक असलेल्या बिल वॉल्श यांनी त्याच्यासाठी आखूड, नेमक्या वेळेवर दिलेल्या पासांची पद्धत बसवली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत जो मॉन्टॅनाच्या हाती याच पद्धतीने लीगचा चेहरामोहरा बदलला. झेलाला वीस यार्डांचा अधिभार देणाऱ्या सूत्राला असे आखूड पास मानवणारच. पण कार्टरची खरी देणगी निराळीच आहे. खेळत असतानाच त्याने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिक्षण घेतले आणि १९७१ मध्ये प्राध्यापक रॉबर्ट मॅकॉल यांच्याबरोबर एक शोधनिबंध लिहिला. १९६९ च्या हंगामातील हजारो खेळींची नोंद तपासून त्यांनी प्रश्न विचारला की मैदानाच्या एखाद्या ठिकाणी पहिला डाऊन मिळाला, तर तिथून पुढे होणारे गुण सरासरी किती पडतात? आज ज्याला अपेक्षित गुण म्हणतात त्याची बीजे या कामात आहेत. पासर रेटिंग ज्या वर्षी आकार घेऊ लागले, त्याच वर्षी त्याला पर्याय ठरणारी कल्पना एका क्वार्टरबॅकने मांडली होती, याचे मला आजही अप्रूप वाटते.

क्रिकेट पाहणाऱ्याला ही कल्पना डकवर्थ-लुईस पद्धतीवरून लगेच समजेल. तिथे उरलेली षटके आणि हातातले गडी यांवरून संघाकडे किती सामर्थ्य शिल्लक आहे हे ठरते. इथे डाऊन कितवा, किती यार्ड हवे आणि चेंडू मैदानात कुठे, यांवरून संघाच्या पदरी सध्या किती गुण धरायचे हे ठरते. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपासून वीस यार्डांवर पहिला डाऊन असेल तर ही अपेक्षा चार गुणांच्या आसपास असते. आपल्याच गोलरेषेला पाठ टेकली असेल तर ती शून्याच्याही खाली जाते, कारण तिथून पुढचे गुण प्रतिस्पर्ध्याने करण्याची शक्यता अधिक असते. खेळीनंतरची अपेक्षा वजा खेळीआधीची अपेक्षा, हे त्या खेळीचे मोल. आता तिसऱ्या डाऊनवर बारा यार्ड हवे असताना घेतलेले चार यार्ड तोट्यात जमा होतात, आणि तिसऱ्या डाऊनवर दोन यार्ड हवे असताना मिळवलेले तीन यार्ड भरघोस फायद्यात. सॅक आणि क्वार्टरबॅकचे पळणेही याच तराजूत बसते. पासर रेटिंगमध्ये या दोन्हींना जागाच नाही.

ही उणीव लहान नाही. चेंडू हातात धरून ठेवून सॅक ओढवून घेणारा क्वार्टरबॅक संघाचे सात-आठ यार्ड आणि एक डाऊन घालवतो, पण त्याच्या रेटिंगला धक्काही लागत नाही. उलट तोच चेंडू वेळीच बाहेर फेकून दिला असता तर पास अपूर्ण राहून रेटिंग घटले असते. पळण्याचे उदाहरण बॉल्टिमोर रेव्हन्सच्या लमार जॅक्सनचे. २०१९ मध्ये त्याने ३६ टचडाऊन पास दिले, ११३.३ रेटिंग मिळवले आणि त्याशिवाय १२०६ यार्ड पळून काढले. क्वार्टरबॅकसाठी तो त्या वेळचा विक्रम होता. रेटिंगच्या यादीत मात्र टेनेसीचा रायन टॅनेहिल ११७.५ गुणांनी पहिला आला. सर्वोत्तम खेळाडूचा मान एकमताने जॅक्सनला मिळाला. लीगने स्वतः नेहमी बजावले आहे की हे माप चेंडू फेकणाऱ्याचे आहे, क्वार्टरबॅकचे नव्हे. दुर्दैवाने छापील तक्त्यात ती तळटीप दिसत नाही.

सूत्र न मोडता किमती सुधारण्याचा एक सरळ प्रयत्नही झाला. फेकीमागचे यार्ड घ्यायचे, टचडाऊनमागे २० यार्ड मिळवायचे, इंटरसेप्शनमागे ४५ वजा करायचे. सॅकही धरायचे असतील तर त्यांत गेलेले यार्ड वजा करायचे आणि फेकींमध्ये सॅकची संख्या मिळवून भागायचे. टचडाऊनला ८० ऐवजी २० च का? चेंडू गोलरेषेपर्यंत नेणारे यार्ड आधीच मोजलेले असतात, आणि एका यार्डावर येऊन थांबलेल्या संघालाही पुढच्या खेळीत गुण मिळण्याची शक्यता दाट असते. इंटरसेप्शनचा दंड १०० ऐवजी ४५, कारण तिसऱ्या डाऊनवर लांब फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलला तर त्याचा परिणाम बऱ्याचदा पंटसारखाच असतो. झेलाला वेगळी किंमतच नाही. एका आकड्यात खेळाडू जोखायचा असेल आणि हिशेब स्वतः तपासता यावा अशी इच्छा असेल, तर मी हेच माप निवडेन.

यापुढचा प्रश्न अधिक कठीण आहे, तो श्रेयाच्या वाटणीचा. दोन यार्डांचा पास झेलून रिसीव्हर सत्तर यार्ड पळाला तर ते बहात्तर यार्ड कुणाचे? नेमका दिलेला चेंडू सहकाऱ्याच्या हातातून उडून प्रतिस्पर्ध्याकडे गेला तर ते इंटरसेप्शन कुणाचे? पासर रेटिंग आणि अपेक्षित गुण, दोन्ही सारे क्वार्टरबॅकच्या खात्यावर टाकतात. ईएसपीएन या क्रीडावाहिनीने २०११ मध्ये शून्य ते शंभर या पट्टीवरचे टोटल क्यूबीआर आणले, त्यात खेळी पाहून श्रेय विभागले जाते आणि पळणे, सॅक, चेंडू निसटणे हेही धरले जाते. पण त्याचे पूर्ण सूत्र जाहीर नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका आठवड्यात १० पैकी ४ पास पूर्ण करणाऱ्या टिम टिबोचा आकडा ३९६ यार्ड फेकणाऱ्या रॉजर्सच्या किंचित वर गेला. टिबो अर्ध्या सामन्यानंतर उतरला होता आणि त्याने पळतही टचडाऊन केला होता, त्यामुळे निकाल अगदीच निराधार नव्हता, पण तो कसा आला हे वाचकाला पडताळता येत नसल्यामुळे विश्वास बसला नाही. प्रो फुटबॉल फोकस ही संस्था प्रत्येक खेळी चित्रफितीवर पाहून उणे दोन ते अधिक दोन या दरम्यान गुण देते. तिथे सहकाऱ्याची चूक वेगळी काढता येते, पण शेवटी तो पाहणाऱ्याचा निवाडा असतो. लीगने खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिपमधून सेकंदाला दहा वेळा प्रत्येकाची जागा नोंदवली जाते. त्यावरून रिसीव्हर किती मोकळा होता, चेंडू किती लांब जायचा होता आणि समोरून किती दडपण होते हे पाहून तो पास पूर्ण होण्याची शक्यता काढतात, आणि क्वार्टरबॅकने त्या अपेक्षेपेक्षा किती अधिक पास पूर्ण केले हे मोजतात. सोप्या पासांनी फुगलेली टक्केवारी इथे उघडी पडते.

तरीही वाटणीचा प्रश्न सुटलेला नाही, हे २०२३ च्या हंगामाने दाखवले. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा ब्रॉक पर्डी, म्हणजे २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) सर्वांत शेवटी, २६२ व्या क्रमांकावर निवडला गेलेला खेळाडू, ११३.० पासर रेटिंगसह पहिला आला, आणि प्रत्येक खेळीमागच्या अपेक्षित गुणांतही तोच पहिला होता. जुने माप आणि नवे माप एकाच नावावर येऊन थांबले. पण त्याच्याभोवती क्रिस्टियन मॅकॅफ्री, डीबो सॅम्युएल, जॉर्ज किटल आणि ब्रँडन आयुक होते, आणि डाव रचणारे प्रशिक्षक काइल शनाहन होते. सर्वोत्तम खेळाडू निवडणाऱ्या ५० पत्रकारांपैकी ४९ जणांनी पहिली पसंती १०२.७ रेटिंग असलेल्या लमार जॅक्सनला दिली.